शालूची पाठ

'आपल्या पाल्याचा कल वेळीच ओळखा' हे वाक्य मी आजवर किती वेळा लिहिले असेल, याची मोजदाद नाही. या मासिकाच्या मराठी आवृत्तीसाठी भाषांतर व संपादन करणे हा माझा व्यवसाय. आईबापांना चार हिताच्या गोष्टी सांगणारा एखादा तरी लेख दर महिन्यास माझ्या मेजावर येतो, आणि त्यात हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात असतेच. मी ते मराठीत उतरविते, ऱ्हस्वदीर्घ पाहते आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळते. हेच वाक्य एके दिवशी माझ्याच स्वयंपाकघरात येऊन उभे राहील आणि मला त्याचे उत्तर देता येणार नाही, असे मात्र कधी वाटले नव्हते. ते कसे घडले, त्यात माझ्या हातून कोणत्या चुका झाल्या आणि त्या निस्तरताना काय हाती लागले, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. वाचकहो, यात उपदेश शोधू नका. ही एका आईची हकीकत आहे.

आम्ही रामनगरला राहतो. काशीच्या समोर, गंगेच्या पैलतीरावर वसलेले हे गाव. बलवंतसिंहांनी १७५० च्या सुमारास चुनारच्या दगडात बांधविलेला काशीनरेशांचा किल्ला आणि लालबहादूर शास्त्रींचे वडिलोपार्जित घर, या दोन वास्तूंमुळे ते बाहेरच्यांना ठाऊक असते. माझ्या सासरची मंडळी मूळची काशीतील दुर्गाघाटावरची. तेथील गल्ल्यांतून मराठी घराण्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. यजमानांची नोकरी अलीकडच्या कारखान्यात लागली आणि बिऱ्हाड नदी ओलांडून इकडे आले. मी वाईची. बी. ए. ची परीक्षा दिली त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन येथे आले. त्या वेळी नावेने किंवा पिंपांच्या पुलावरून नदी ओलांडावी लागे. २०१७ मध्ये सामनेघाटाचा पक्का पूल झाला आणि पलीकडचे हिंदू विश्वविद्यालय अगदी जवळ आले. आज चाळिशीला मला दोन वर्षे अवकाश आहे, आणि माझ्या थोरलीला सतरावे सरून अठरावे लागले आहे.

रामनगरची रामलीला आपण ऐकून असाल. अनंत चतुर्दशीपासून सुमारे महिनाभर ती चालते. तिला एक रंगमंच नसतो. अयोध्या एके ठिकाणी, जनकपूर दुसरीकडे, लंका तिसरीकडे, आणि प्रेक्षकांनी लीलेमागून चालावयाचे, अशी तिची रीत. विजेचे दिवे नाहीत, ध्वनिवर्धक नाहीत. गॅसबत्त्यांच्या उजेडात राम, सीता आणि भाऊ यांची रूपे घेतलेली मुले जरीच्या वस्त्रांत उभी राहतात आणि हजारोंचा समुदाय श्वास रोखून ऐकतो. आमची थोरली लहानपणापासून आजीचे बोट धरून लीलेला जाई. भक्तिभावाने जाते, अशी आमची समजूत. गेल्या वर्षी तिची वही माझ्या हाती आली तेव्हा उलगडा झाला. वहीत पानापानावर वस्त्रांची चित्रे होती आणि त्यांच्या कडेला बारीक अक्षरात टिपणे: 'पिवळी जर दुपारी भडक दिसते, बत्तीच्या उजेडात शांत.' 'काठ रुंद आहे म्हणून मुलगा उंच वाटतो.' 'ही बुट्टी लांबून दिसतच नाही, मग कुणासाठी काढली?'

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, रात्रीची जेवणे चालली असता, ती म्हणाली, "आई, बाबा, मला फॅशन डिझाइन शिकायचंय."

ती बारावीला विज्ञान शाखेत. गणित चांगले. ती बी. एस्‌सी. करील, जमल्यास अभियांत्रिकीस जाईल, असे आम्ही तिला न विचारताच ठरवून ठेवले होते. यजमानांनी आमटीची वाटी खाली ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "शिवणकाम शिकायला कॉलेज कशाला लागतं? माझं मशीन माळ्यावर आहे." मी काहीच बोलले नाही. माझे गप्प राहणे समजूतदारपणाचे होते, असे मला त्या वेळी वाटले. खरे पाहता ते अज्ञानाचे होते. या विषयाचे शिक्षण कोठे मिळते, किती वर्षांचे असते, त्यापुढे काय, यांपैकी एकही गोष्ट मला ठाऊक नव्हती. आणि ज्या गोष्टीविषयी आपण अज्ञानी असतो, तिच्याविषयी मुलांसमोर 'मला माहीत नाही' असे म्हणण्यापेक्षा गप्प बसणे आपल्याला सोपे जाते.

माझी पहिली चूक याच अज्ञानातून घडली. मुलीला साहाय्य करावयाचे, तर त्वरित काहीतरी केले पाहिजे, या भावनेने मी शहरातील एका खाजगी संस्थेचे माहितीपत्रक मिळविले. गुळगुळीत कागद, सुरेख छायाचित्रे, आणि शंभर टक्के नोकरीचे आश्वासन. आम्ही दोघी तेथे गेलो. स्वागताला बसलेल्या बाईंनी चहा दिला आणि जागा थोड्याच उरल्या असल्याचे सांगितले. आज पंधरा हजार रुपये भरले तर जागा राखून ठेवू, उद्याचे सांगता येत नाही, असेही त्या म्हणाल्या. थोरली माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, आधी वर्ग दाखवतात का ते विचार ना." मी विचारले. वर्ग दाखविले. यंत्रांवर आच्छादने होती आणि भिंती रिकाम्या होत्या. विद्यार्थ्यांनी केलेले काम कोठे पाहावयास मिळेल, असे विचारले तेव्हा उत्तर आले की, ते प्रदर्शनासाठी बाहेरगावी गेले आहे. इतके पाहूनही मी पैसे भरले. घरून दोन तास खर्चून आलो आहोत, रिकाम्या हाताने कसे परतावे, एवढेच माझ्या मनात होते.

दोन दिवसांनी यजमानांनी पावती वाचली. मी माहितीपत्रक वाचले होते, पावती वाचली नव्हती. रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही, असे तिच्यावर छापलेले होते. मग ही संस्था कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, अशी चौकशी आम्ही पत्राने केली. तिला उत्तर आले नाही. त्या रात्री घरात कोणी कोणावर रागावले नाही, आणि म्हणूनच ती रात्र मला अधिक जड गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेताना थोरली सहज स्वरात म्हणाली, "राहू दे, आई. मी बी. एस्‌सी. करते." पंधरा हजार ही आमच्यासारख्या घरात लहान रक्कम नव्हे, परंतु खरे नुकसान ते नव्हते. माझ्या चुकीची किंमत माझी मुलगी आपल्या इच्छेने चुकती करू पाहत होती.

या गाठीतून वाट काढली ती सासूबाईंनी. ज्यांना शिवणकामाला कॉलेज नको होते त्यांनीच. संक्रांतीच्या आधी कपड्यांना ऊन देण्यासाठी त्यांनी ट्रंक उघडली होती. आपला लग्नातला शालू त्यांनी पलंगावर पसरला आणि मला हाक मारली. "सूनबाई, इकडे ये. हा घेताना माझ्या सासऱ्यांनी काय केलं होतं, ठाऊक आहे? दुकानदार पदर दाखवत होता, आणि ह्यांनी सबंध शालू उलटा करून पाठ पाहिली. तू त्या संस्थेत गेलीस आणि नुसता पदर पाहून आलीस."

महाराष्ट्रातील वधूच्या अंगावर जो शालू असतो तो बहुधा आमच्या या बनारसचा. आपल्यापैकी अनेकींच्या कपाटात तो असेल. पैठणीची पारख करणाऱ्या बायकाही पदर उलटून पाहतात. अस्सल हातविणीच्या पैठणीचा पदर दोन्ही अंगांनी जवळजवळ सारखा दिसतो. हे ज्ञान आपल्या घराघरांत आहे. ते कापडाच्या दुकानाबाहेर वापरावयाचे आपल्याला सुचत नाही, इतकेच.

सासूबाईंचे बोलणे थोरलीने ऐकले होते. पाठीवरून नेमके काय कळते, हे तिला समजून घ्यावयाचे होते. आमच्या वस्तीपलीकडे विणकरांची घरे आहेत. तेथील एका वृद्ध विणकरांना सारेजण चाचा म्हणतात. आम्ही दोघी शालू घेऊन त्यांच्याकडे गेलो. खोलीत माग, मागासाठी जमिनीत केलेला खड्डा, आणि वरच्या बाजूस जकार्डची भोके पाडलेल्या पत्त्यांची माळ. चाचांनी शालू हाती घेतला आणि पदराकडे न पाहता तो उलटला.

"कढुआ आहे," ते म्हणाले. मग थोरलीला त्यांनी दोन कापडे शेजारी ठेवून फरक दाखविला. फेकुआ पद्धतीत नक्षीचा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फेकला जातो. बुट्टी असेल तेथे तो वर येतो, आणि दोन बुट्ट्यांच्या मधल्या जागेत पाठीवर मोकळा लोंबत राहतो. मागाहून तो कातरून टाकतात. कढुआत प्रत्येक बुट्टीसाठी जरीची वेगळी काडी असते. धागा बुट्टीपुरताच जातो आणि तेथेच फिरतो. त्यामुळे पाठ स्वच्छ राहते आणि बुट्टी सहसा उसवत नाही. मात्र वेळ कितीतरी अधिक लागतो. भरगच्च कामाच्या कढुआ शालूला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. "समोरची बाजू कुणीही छान करतो, बिटिया," आपल्या बनारसी बोलीत चाचा म्हणाले, "पाठ पाहिली की कोणी किती वेळ दिला ते कळतं."

थोरलीचे लक्ष मात्र आता भिंतीवर टाचलेल्या एका कागदाकडे गेले होते. चौकटींच्या कागदावर रंग भरून काढलेली ती एक बुट्टी होती. याला येथे नक्शा म्हणतात. प्रत्येक चौकट म्हणजे ताण्याच्या धाग्याचा आणि बाण्याचा एक छेद. नक्शा काढणारा कारागीर आधी कागदावर आकृती रेखतो. मग तिच्यावरून पत्त्यांना भोके पडतात आणि ते पत्ते मागावर चढतात. पूर्वी पत्त्यांऐवजी दोऱ्यांचा जाला बांधीत. थोरलीने चौकटी मोजावयास आरंभ केला. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "आई, हे तर गणित आहे." विज्ञान शाखेत घातलेली दोन वर्षे फुकट जातील, ही माझी धास्ती त्या खोलीत पुष्कळशी विरली.

त्यानंतर आम्ही पुन्हा शोधास लागलो. या वेळी पाठ पाहण्याच्या निश्चयाने. या शोधात जी माहिती मिळाली ती आपल्याही उपयोगी पडेल, म्हणून थोडक्यात देते.

पहिली गोष्ट कळली ती ही की, 'फॅशन डिझाइन' या एका शब्दाखाली अनेक विद्या नांदतात. केंद्र शासनाच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने १९८६ मध्ये दिल्लीत स्थापिलेली राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे 'निफ्ट', हिला २००६ च्या कायद्याने स्वतः पदवी देण्याचा अधिकार मिळाला. मुंबईजवळ खारघरला तिचे केंद्र आहे, रायबरेलीला आहे, आणि आता वाराणसीतही आहे. तेथील चार वर्षांच्या डिझाइन पदवीत वेशरचना, वस्त्ररचना, विणीव कपडे, चर्मवस्तू, आभूषणे व इतर उपांगे, फॅशनविषयक संज्ञापन असे वेगवेगळे विभाग आहेत. त्यांसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. वस्त्रनिर्मितीच्या तंत्राची पदवी वेगळी आहे आणि तिला गणित लागते. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये शासनास जो अहवाल दिला त्यातून ती उभी राहिली. आपल्या घरातील साध्या लोट्याचे त्यांनी त्या अहवालात मोठ्या आदराने वर्णन केले आहे. तेथेही वस्त्ररचनेचा विभाग आहे.

दुसरी गोष्ट अशी की, जे आपण दूर शोधतो ते पुष्कळदा नदीपलीकडेच असते. १९१६ च्या हिंदू विश्वविद्यालयात दृश्यकला विभागात वस्त्ररचना शिकता येते. चौकाघाटावर १९५६ पासून भारतीय हातमाग तंत्रज्ञान संस्था आहे आणि तेथे तीन वर्षांची पदविका मिळते. शेजारच्या भदोहीत गालिचा तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था आहे. महाराष्ट्रातील वाचकांसाठी मुंबईची १८५७ ची सर ज. जी. कला शाळा आहेच. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्येच स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या संस्थांतही हे विषय आहेत.

नावे मिळाली, आता पाठ. यजमानांनी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर सहा प्रश्न लिहिले आणि प्रत्येक ठिकाणी तेच विचारावयाचे असे ठरले. पदवी कोण देतो, आणि ते अधिकृत कागदावर कोठे लिहिले आहे? शिकविणारे कोण, आणि त्यांतील कायमचे किती? एका यंत्रामागे किंवा मागामागे विद्यार्थी किती? मागील वर्षाच्या विद्यार्थ्यांनी केलेले काम आज, येथे, पाहावयास मिळेल काय? शिक्षणशुल्काखेरीज कापड, रंग, वसतिगृह आणि प्रवास धरून चारही वर्षांचा खर्च किती? आणि ज्यांनी येथून शिक्षण पुरे केले, त्यांच्यापैकी कोणाशी बोलता येईल काय? सहावा प्रश्न सर्वांत कामाचा ठरला. संस्थेची माणसे संस्थेची समोरची बाजू दाखवितात, आणि ते स्वाभाविकच आहे. तेथे चार वर्षे काढलेली मुलगी पाठ दाखविते. परिचितांच्या ओळखीने अशा दोन मुलींशी थोरली स्वतः बोलली. मी बाजूच्या खोलीत बसून राहिले. हे मला सोपे गेले नाही.

सासूबाईंना मात्र एकच शंका होती. या विद्येने आपल्यासारख्यांच्या घरातील कोणाचे भले झाले आहे काय? तेव्हा मी त्यांना भानू अथैया यांच्याविषयी सांगितले. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातील १९२९ साली जन्मलेली ही मुलगी. चित्रकला शिकण्यासाठी ती मुंबईस गेली, ज. जी. कला शाळेत शिकली, नियतकालिकांसाठी वेशभूषांची चित्रे काढू लागली आणि तेथून चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळली. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. आणखी एक नाव आमच्या गावाला जवळचे. चित्रकार प्रभाकर बरवे हेही ज. जी. चेच विद्यार्थी. विणकर सेवा केंद्रात त्यांनी पुष्कळ वर्षे नोकरी केली, आणि १९६० नंतरची काही वर्षे ते याच बनारसला होते. विणकरांसाठी नक्षी करणे हे त्या केंद्राचे काम, आणि ते करताकरताच येथील तांत्रिक प्रतिमांनी त्यांच्या चित्रांना वेगळे वळण दिले. सासूबाईंनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "कोल्हापूरच्या राजोपाध्यांची मुलगी ना? मग ठीक आहे." वाचकहो, घरातील अनुमती कोणत्या दाराने येईल हे सांगता येत नाही. ती आली की दार उघडावे, कारण विचारीत बसू नये.

अर्ज भरावयाची वेळ आली आणि माझ्या हातून दुसरी चूक झाली. ही पहिलीहून मोठी, असे मला आता वाटते. निवडीच्या वेळी 'हा विषय का शिकावयाचा आहे' असे विचारले जाण्याचा संभव असतो, म्हणून थोरलीने त्याचे उत्तर लिहून पाहावे असे ठरले. तिचा मजकूर मला तोकडा वाटला. रात्री सारे झोपल्यावर मी तो नीट केला. 'भारतीय वस्त्रपरंपरेचे वैभव जगापुढे मांडण्याची आकांक्षा' वगैरे घालून चांगले दीड पान सिद्ध केले. तिच्या चित्रांच्या वहीतील दोन चित्रांच्या रेषाही पुसून सरळ केल्या.

सकाळी तिने ते वाचले. "आई," ती म्हणाली, "हे छान आहे. पण हे तुला प्रवेश मिळण्यासाठी आहे." आणि थोडे थांबून, "आणि तो काठ मी मुद्दामच वाकडा काढला होता. मुलगा चालत होता."

भाषांतराच्या व्यवसायात पहिल्याच दिवशी एक नियम शिकवितात. मूळ लेखकाचे म्हणणे तुम्हाला कितीही अपुरे वाटो, त्यात आपले वाक्य घालावयाचे नाही. परक्या माणसाच्या लेखात मी हा नियम पंधरा वर्षे पाळला. पोटच्या मुलीच्या बाबतीत एका रात्रीत मोडला. मी ते दीड पान तिच्यादेखत फाडले. पुसलेल्या रेषा मात्र मला परत काढता आल्या नाहीत. तिने ती दोन चित्रे पुन्हा काढली.

तिच्या चार ओळी आता मला पाठ आहेत. तिच्या अनुमतीने त्यांचा आशय सांगते. रामलीलेत वापरलेली जर बत्तीच्या उजेडासाठी विणली आहे, पण ज्याने ती विणली तो दिवसाच्या उजेडात विणतो, मग बत्तीत ती कशी दिसेल हे त्याला कसे कळले, हे तिला शिकावयाचे आहे. इतकेच. यात वैभव नाही आणि आकांक्षाही नाही. परंतु हा प्रश्न तिच्याखेरीज दुसऱ्या कोणालाही पडला नसता.

निफ्टच्या डिझाइन शाखेच्या निवडीत लेखी भागात एक चाचणी कल्पकतेची व चित्राची, दुसरी सामान्य क्षमतेची असते. त्यातून निवडलेल्यांना समोर ठेवलेल्या साहित्यातून ठरलेल्या वेळात एखादी वस्तू हाताने घडवावी लागते. तिची तयारी थोरलीने माझ्या टाकाऊ मुद्रितांचे कागद, झाडूच्या काड्या आणि चाचांकडचे तुटके धागे यांवर केली. तेथे आईला प्रवेश नसतो, ही त्या परीक्षेची मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी ती चाचांच्या पाया पडावयास गेली. मीही बरोबर होते. तोवर तिने वेशरचनेऐवजी वस्त्ररचना हा विषय आधी मागावयाचे ठरविले होते, आणि ते चाचांच्या भिंतीवरील त्या कागदामुळेच. चाचांनी आशीर्वाद दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बहूजी, माझ्या मुलाचा हात माझ्याहून चांगला होता. त्यानं माग सोडला. ई-रिक्षा चालवतो. बिटिया शिकून नक्शे काढू लागली की तिला एवढं सांगा. नक्शा काढताना तो विणायला किती दिवस लागतील, तेही त्याच कागदावर लिहायचं. म्हणजे दाम ठरवणाऱ्याला दिसेल."

मला उत्तर सुचले नाही. बनारसच्या जरीकामाला आणि साड्यांना २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे गावाचे नाव सुरक्षित झाले. विणणाऱ्याचे नाव मात्र आजही साडीवर क्वचितच असते. ज्या विद्येसाठी माझी मुलगी परीक्षा देत होती, ती त्या माणसाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि त्याच्या मुलाला तिने पोट भरू दिले नाही. मुलांना विद्यालये दाखविताना आपण त्यांना नोकरी दाखवितो, वेतन दाखवितो. त्या विद्येची ही पाठही दाखविली पाहिजे. थोरलीने ती पाहिली. परतताना पुलापर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, "चौकटीच्या कागदावर खाली जागा असते. तिथे दिवस लिहिता येतील."

हे लिहीत असताना निकाल लागलेला नाही. निफ्टमध्ये जागा मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास विश्वविद्यालयाचा आणि चौकाघाटाच्या पदविकेचा मार्ग आम्ही पाहून ठेवला आहे, आणि थोरली दोन्हींना तयार आहे. कोठेच न जमले तर पुढील वर्षी पुन्हा, असे यजमान म्हणतात. तिला हवे ते मिळेलच, असे मी आपणांस सांगू शकत नाही. तिला जे हवे आहे ते तिचे स्वतःचे आहे, एवढे मात्र आता ठामपणे सांगू शकते.

आपल्या घरीही कदाचित असा प्रश्न या उन्हाळ्यात उभा असेल. विषय वेशरचनेचा असेल, नाहीतर आपण कधी नाव न ऐकलेला एखादा असेल. 'मला माहीत नाही, चल, आपण पाहू' एवढे पहिल्याच रात्री म्हणता आले, तर पुष्कळ त्रास वाचेल. पैसे भरण्यापूर्वी पावती वाचा. शिकून बाहेर पडलेल्यांना भेटा. आणि मुलाच्या कागदावरील वाकडी रेषा पुसण्यापूर्वी ती वाकडी का आहे, हे त्याला विचारा.

जाता जाता त्या पंधरा हजारांविषयी. यजमान दर महिन्याचा हिशेब लिहितात. त्या महिन्यात त्यांनी ती रक्कम 'नुकसान' या सदराखाली मांडली होती. परवा जुनी वही चाळताना मला दिसले की, तो शब्द त्यांनी खोडला आहे आणि वर लिहिले आहे, 'शिक्षण'. पुढे कंसात, बारीक अक्षरात: 'सौ. चे'.